हाशिमाचा इतिहास १९१० साली थांबत नाही

जपानमधील नागासाकी शहराजवळच्या समुद्रात हाशिमा नावाचे एक निर्मनुष्य बेट आहे. २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. हा मान एकट्या बेटाला मिळालेला नसून, जपानच्या औद्योगिकीकरणाशी संबंधित २३ स्थळांच्या एकत्रित प्रस्तावात हाशिमाची कोळसा खाण हे एक स्थळ आहे. या प्रस्तावाने आखून घेतलेला कालखंड १८५० च्या दशकात सुरू होतो आणि १९१० साली संपतो. मात्र पर्यटक होडीने जाऊन ज्या काळवंडलेल्या, खिडक्या गळून पडलेल्या बहुमजली इमारती पाहतात, त्यांतली पहिली काँक्रीटची इमारत १९१६ ची आहे. जागतिक वारसा म्हणून ज्या अवशेषांचे मूल्य मान्य झाले, त्यांत खाणीचे अवशेष आणि समुद्राला अडवणाऱ्या भिंती येतात; ज्या इमारतींमुळे बेट जगभर ओळखले जाते, त्या येत नाहीत. त्या इमारतींत राहिलेल्या माणसांचा इतिहासही या चौकटीबाहेर राहतो, आणि त्यावरून गेली दहा वर्षे जपान, दक्षिण कोरिया व युनेस्को यांच्यात वाद चालू आहे.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या आमच्या अभ्यासगटाने हे प्रकरण सविस्तर अभ्यासासाठी निवडले. एका कामासाठी वसवलेली वस्ती ते काम संपल्यावर रिकामी होते, तेव्हा तिचा इतिहास कोणत्या वर्षापासून आणि कोणत्या वर्षापर्यंत सांगायचा हे कोण ठरवते, हा आमचा मुख्य प्रश्न होता. नवी मुंबईसारख्या, स्थापनेची नेमकी तारीख असलेल्या शहरात राहणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही.

खडकापासून वस्तीपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या परिसरात कोळसा असल्याचे माहीत झाले होते, पण मोठ्या प्रमाणावर खाणकाम सुरू व्हायला बराच काळ जावा लागला. शेजारच्या ताकाशिमा बेटावर स्कॉटिश व्यापारी थॉमस ग्लोव्हर आणि सागा संस्थान यांनी १८६८-६९ च्या सुमारास वाफेच्या यंत्रावर चालणारी पाश्चात्त्य पद्धतीची विहीर-खाण खोदली. पुढे ताकाशिमाची खाण मित्सुबिशीकडे आली आणि १८९० साली याच उद्योगसमूहाने हाशिमाही विकत घेतले. येथील कोळसा कोक, म्हणजे पोलादाच्या भट्टीत लागणारे इंधन, तयार करण्यास उत्तम होता. १९०१ साली यावाता येथील सरकारी पोलाद कारखाना सुरू झाल्यावर त्याची मागणी वाढतच गेली. १८९१ ते १९७४ या काळात बेटावरून सुमारे १ कोटी ५७ लाख टन कोळसा निघाला असे मानले जाते.

आज जे बेट दिसते त्याचा मोठा भाग माणसाने घडवलेला आहे. मूळ खडक आताच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांश होता. १८९७ पासून १९३१ पर्यंत टप्प्याटप्प्याने समुद्रात भिंती घालून, खाणीतून निघालेल्या दगडमातीचा भराव टाकत बेट वाढवले गेले. तरीही ते ४८० मीटर लांब, १६० मीटर रुंद आणि जेमतेम ६.३ हेक्टर एवढेच झाले, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कच्या निम्म्याहून थोडे अधिक. एवढ्या जागेत १९५९ साली ५,२५९ माणसे राहत होती. दर हेक्टरी हे प्रमाण ८३५ च्या आसपास जाते, आणि याच ६.३ हेक्टरांत खाणीची यंत्रे, कोळशाचे ढीग, शाळा व धक्काही होता हे लक्षात घेतले तर प्रत्यक्ष राहण्याच्या भागातील दाटी याहून कितीतरी जास्त ठरते.

१९१६ मध्ये बांधलेली ३० क्रमांकाची इमारत सात मजली झाली. प्रबलित काँक्रीटची जपानमधील पहिली मोठी निवासी इमारत म्हणून तिचा उल्लेख केला जातो. दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, रोजंदारीवरील कामगारांसाठी नऊ मजली इमारतींची रांग उभी राहिली. लाकडी घरांच्या देशात, वादळांच्या तडाख्यात सापडणाऱ्या एका खडकावर काँक्रीट एवढ्या लवकर पोहोचले, याचे कारण निव्वळ गरजेत आहे. आडवे पसरायला जागा नव्हती आणि लाकूड टायफूनपुढे टिकणार नव्हते.

इमारतींच्या मांडणीत बेटावरची उतरंड स्पष्ट दिसत होती. खडकाच्या माथ्यावर, वारा आणि उजेड असलेल्या जागी, अधिकाऱ्यांची इमारत होती आणि घरात स्वतंत्र न्हाणीघर फक्त तिथेच होते. खाणकामगारांसाठी सार्वजनिक स्नानगृहे होती. पाळी संपवून आलेला कामगार कोळशाने माखलेल्या कपड्यांसकट पहिल्या हौदात उतरत असे. समुद्राकडच्या खालच्या मजल्यांवर वादळात लाटांचे पाणी येत असे, आणि ते मजले कोणाच्या वाट्याला येत हे सांगायला नको. मृतांसाठी बेटावर जागाच नव्हती. त्यांचे दहन शेजारच्या नाकानोशिमा या लहान बेटावर होत असे.

खाणीची मुख्य विहीर ६०० मीटरहून खोल होती आणि तिथून पुढे कोळशाच्या थरामागे समुद्राच्या तळाखाली उतरत जाणारे मार्ग काढलेले होते. खाली तापमान ३० अंशांवर आणि आर्द्रता ९५ टक्क्यांपर्यंत असे. वायूचा धोका कायम होता. पिण्याचे पाणी १९५७ पर्यंत जहाजाने येत असे. त्या वर्षी समुद्राखालून नळ टाकला गेला.

१९३९ ते १९४५

प्रकरणाचा गाभा या सहा-सात वर्षांत आहे. चीनबरोबरच्या युद्धामुळे जपानी खाणकामगार सैन्यात जाऊ लागले आणि त्यांची जागा भरण्यासाठी, १९१० पासून जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियातून माणसे आणली गेली. १९३९ पासून ‘भरती’, १९४२ पासून सरकारी मध्यस्थी आणि १९४४ च्या सप्टेंबरपासून थेट सक्तीची नेमणूक, असे त्याचे टप्पे होते. हाशिमावर अशा प्रकारे कित्येक शेकडा कोरियन माणसे कामाला लावली गेली. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत चिनी माणसेही पकडून आणली गेली.

त्या माणसांची माहिती दोन प्रकारच्या साधनांतून मिळते. पहिले साधन त्यांच्या साक्षी आहेत. चौदाव्या वर्षी बेटावर आणल्या गेलेल्या एका कोरियन मुलाने पुढे सांगितले आहे की, तो समुद्राच्या भिंतीवर उभा राहून कोरियाच्या दिशेला पाहत असे आणि अनेकदा समुद्रात उडी घेण्याचा विचार त्याच्या मनात येत असे. नंतर त्याला नागासाकीच्या जहाज कारखान्यात हलवले गेले आणि ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबचा फटकाही त्याला बसला. दुसरे साधन कागदी आहे. नागासाकीत कोरियन अणुबाँबग्रस्तांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना १९८० च्या दशकात बेटावरील दहनासंबंधीच्या जुन्या नोंदी मिळाल्या. १९२५ ते १९४५ या काळातील मृतांत त्यांना १२२ कोरियन आणि १५ चिनी आढळले. नोंद करणाऱ्याने मृत्यूचे कारणही लिहून ठेवले होते.

या नोंदींचे मोल मला फार मोठे वाटते. त्या कोणाची बाजू मांडण्यासाठी लिहिल्या गेल्या नव्हत्या. दहनासाठी परवानगी हवी, परवानगीसाठी कागद हवा, एवढ्या साध्या कारभारी कारणाने त्या तयार झाल्या. म्हणूनच साक्षीवर शंका घेणाऱ्यालाही त्या सहज बाजूला सारता येत नाहीत.

रिकामे होणे

हाशिमा एका रात्रीत सोडले गेले, माणसे ताटावरून उठून गेली, असे वर्णन पर्यटनविषयक लेखनात वारंवार येते. घरांत राहिलेले दूरदर्शन संच, खेळणी आणि शाळेची बाके पाहून ते खरे वाटते, पण वस्तुस्थिती तशी नाही. १९६० च्या दशकात जपानने कोळशाकडून खनिज तेलाकडे मोर्चा वळवला आणि देशभरातील खाणी बंद पडू लागल्या. १९६४ च्या ऑगस्टमध्ये हाशिमाच्या खोल भागात वायूची आग लागली, तो भाग पाणी भरून सोडून द्यावा लागला आणि बरीच कुटुंबे तेव्हाच बेट सोडून गेली. नव्या थरावर काम सुरू झाले, यंत्रे वाढली, माणसे कमी झाली. १५ जानेवारी १९७४ रोजी खाण बंद करण्याचा समारंभ झाला आणि २० एप्रिलला शेवटचे रहिवासी बोटीने निघून गेले. मधल्या तीन महिन्यांत माणसे दुसऱ्या गावी नोकरी शोधत होती, आणि ज्याला काम मिळेल तो आधी जात होता. जड सामान नेण्याचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त असल्याने ते मागे राहिले.

जमीन, घर, पाणी, दवाखाना आणि धक्का हे सगळे एकाच मालकाचे होते. त्यामुळे खाण बंद झाल्यावर मासेमारी करून किंवा दुकान चालवून बेटावर राहण्याचा पर्याय कोणालाच नव्हता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने बंद पडले तेव्हा कामगारांचे हाल झाले, पण घणसोलीचा किंवा दिघ्याचा माणूस आपल्या गावठाणातील घरात राहू शकला. हाशिमात कामगाराच्या पायाखाली स्वतःची अशी जमीनच नव्हती.

पुढची सत्तावीस वर्षे बेट कंपनीच्या मालकीचे राहिले. २००१ मध्ये ते ताकाशिमा नगराला देण्यात आले आणि २००५ मध्ये ते नगरच नागासाकी शहरात विलीन झाले. एप्रिल २००९ पासून पर्यटकांना दक्षिणेकडील ठरावीक पायवाटेवर उतरू दिले जाते. इमारतींत प्रवेश नाही.

इमारतींत प्रवेश का नाही, हे आमच्याकडच्या माणसाला लवकर समजते. वाशीतील जुन्या वसाहतीत स्लॅबच्या खालच्या बाजूला आधी तपकिरी रेघ उमटते. हातोडीने ठोकून पाहिले की तेवढ्या पट्ट्यात पोकळ आवाज येतो. एखाद्या पावसाळ्यात तिथला पापुद्रा सुटतो आणि आतली सळई उघडी पडते, जिच्यावर बोट फिरवले तर गंजाचे पदर हातात येतात. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. खाडीकाठी राहती माणसे प्लास्टर, गिलावा, रंग करत या क्रियेला मागे रेटत राहतात. हाशिमात हे रेटणे १९७४ साली थांबले, आणि तिथे वाऱ्याबरोबर थेट लाटाच इमारतींवर आदळतात. २०२० साली ३० क्रमांकाच्या इमारतीचा काही भाग ढासळला. एवढ्या गंजलेल्या इमारती उभ्या ठेवण्याची खात्रीची पद्धत आज कोणाकडे नाही, त्यामुळे समुद्राच्या भिंती आणि खाणीचे अवशेष आधी वाचवावेत असे धोरण नागासाकी शहराने स्वीकारले. अभियांत्रिकी दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. परंतु जपण्याची ही यादी आणि १९१० ची सीमारेषा यांचा मेळ बसतो, तेव्हा कामगारांच्या राहण्याचा पुरावा दोन्हीकडून सुटतो याची नोंद घ्यावी लागते.

यादी आणि वाद

जपानने प्रस्ताव मांडला तेव्हा दक्षिण कोरियाने हरकत घेतली. बरीच चर्चा झाल्यावर ५ जुलै २०१५ रोजी जर्मनीतील बॉन येथे जागतिक वारसा समितीच्या बैठकीत तोडगा निघाला. जपानच्या प्रतिनिधीने निवेदन केले की, १९४० च्या दशकात यांपैकी काही स्थळी अनेक कोरियन व इतर माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत काम करायला लावले गेले होते, आणि त्यांच्या स्मरणासाठी माहिती केंद्रासारखी व्यवस्था केली जाईल. यानंतर स्थळांचा यादीत समावेश झाला. लगेचच तत्कालीन परराष्ट्रमंत्री फुमिओ किशिदा यांनी स्पष्ट केले की, या निवेदनाचा अर्थ वेठबिगारी झाली असा नाही. युद्धकाळातील ती कायदेशीर नेमणूक होती, असे जपानचे म्हणणे होते.

माहिती केंद्र २०२० मध्ये सुरू झाले, पण ते हाशिमाजवळ किंवा नागासाकीत नसून सुमारे हजार किलोमीटर दूर टोकियोत आहे. त्यात बेटाच्या माजी रहिवाशांच्या साक्षींना महत्त्वाचे स्थान मिळाले आणि कोरियन असल्यामुळे भेदभाव झाल्याचे आठवत नाही, असे सांगणारी साक्षही त्यांत होती. जुलै २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीने, २०१५ च्या आश्वासनांची पूर्तता झालेली नसल्याबद्दल कडक शब्दांत खेद व्यक्त केला. २०२३ च्या बैठकीत समितीने, जपानने उचललेल्या पुढील पावलांची दखल घेऊन संवाद चालू ठेवण्यास सांगितले. जुलै २०२५ मध्ये हा विषय पुन्हा चर्चेला घ्यावा, असा दक्षिण कोरियाचा प्रयत्न पॅरिसच्या बैठकीत मतदानाने फेटाळला गेला.

माजी रहिवाशांची बाजूही मनापासून ऐकण्याजोगी आहे. त्यांच्यासाठी हाशिमा हे बालपणाचे गाव होते. गच्चीवर बाहेरून माती आणून फुलवलेल्या बागा, एकाच जिन्यावर ये-जा करणारी शेजारपाजारची घरे, चित्रपटगृह, देवळाचा वार्षिक उत्सव, हे त्यांनी जगलेले आहे. आपल्या गावाला जग नरक म्हणते याचे त्यांना दुःख होते आणि ते दुःख खोटे नाही. परंतु यांपैकी बहुतेकांच्या आठवणी युद्धानंतरच्या भरभराटीच्या काळातल्या आहेत, किंवा युद्धकाळात ते लहान मुले होते. माथ्यावरच्या किंवा मधल्या मजल्यावरच्या मुलाला जे दिसले नाही, ते घडले नाही असे त्यावरून म्हणता येत नाही. दोन्ही साक्षी एकाच बेटाच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या असू शकतात. अडचण अशी की टोकियोतील माहिती केंद्राने एकीचा उपयोग दुसरी पुसण्यासाठी केला, असे मला सगळी कागदपत्रे वाचून वाटते.

१९१० हे वर्ष या वादात निरुपद्रवी नाही. जपानच्या बाजूने त्याचे समर्थन असे की, पाश्चात्त्य तंत्रज्ञान आत्मसात करण्याचा काळ तोवर पूर्ण झाला होता. हे समर्थन तंत्रज्ञानाच्या इतिहासात टिकते. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानने कोरिया आपल्या राज्याला जोडून घेतला. त्यामुळे उद्योगाचे यश सांगून झाले की गोष्ट थांबते, आणि ते यश पुढे कोणाच्या श्रमावर चालले हा प्रश्न पुढच्या, न लिहिलेल्या प्रकरणात जातो. खाणीच्या मालकीचा वारसा सांगणाऱ्या मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीने मात्र २०१६ साली युद्धकाळातील चिनी कामगारांशी समझोता केला, माफी मागितली आणि प्रत्येकी १ लाख युआन देण्याचे मान्य केले. कोरियन कामगारांबाबत असा समझोता झालेला नाही. एकाच खाणीत राबलेल्या दोन देशांच्या माणसांना असा वेगवेगळा न्याय मिळाला आहे.

आमच्या बाजूच्या सीमारेषा

नवी मुंबईच्या इतिहासाच्या बहुतेक फलकांवर आणि पुस्तिकांत पहिली तारीख १७ मार्च १९७० ही असते. त्या दिवशी हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर आखलेले नोड (म्हणजे शहराचे स्वतंत्र विभाग), रेल्वेस्थानके, उद्याने आणि रुंद रस्ते यांची माहिती येते, आणि ती चुकीची नाही. पण हे शहर ज्या भूमीवर उभे आहे तिथे ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे होती. भातशेती, मिठागरे, खाडीतील मासेमारी यांवर आगरी आणि कोळी कुटुंबे जगत होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या संघर्षातून पुढे आली. उरण-पनवेलकडे त्या हुतात्म्यांना दरवर्षी अभिवादन होते. वाशी-नेरूळच्या सदनिकांत वाढलेल्या अनेक मुलांना ती तारीख माहीत नसते.

कोरियन कामगारांची सक्ती आणि येथील भूसंपादन यांना मी एका मापाने मोजत नाही. दोन्हींतले अन्याय, कायदे आणि परिणाम वेगळे आहेत. साम्य आहे ते इतिहास कुठे सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा हे ठरवण्याच्या अधिकारात. हाशिमात शेवटचे वर्ष मागे ओढले गेले. आमच्याकडे पहिले वर्ष पुढे ढकलले गेले आहे.

या अभ्यासातून आमच्या गटाने स्वतःसाठी एक काम ठरवले आणि त्यात हाशिमाच्या दहन-नोंदींचा आदर्श समोर ठेवला. कोणाचा गौरव करण्यासाठी लिहिलेले साहित्य गोळा करण्याआधी, कारभारासाठी तयार झालेले साधे कागद शोधायचे: संपादनापूर्वीचे सातबारा उतारे, फेरफार, भूसंपादनाचे निवाडे, मिठागरांवरील कामगारांच्या मजुरीच्या वह्या, गावच्या शाळांची जुनी पटनोंद. यांतले बरेच कागद अजून गावठाणातील घरांत पत्र्याच्या ट्रंकांमध्ये आहेत. जिथे ते वाळवीने खाल्ले आहेत, तिथे वयस्कर माणसांचे सांगणे लिहून घेतले जात आहे. कोणाचे सांगणे कोणत्या कागदाशी जुळते आणि कुठे जुळत नाही, हे दोन्ही प्रत्येक नोंदीत लिहायचे, आणि न जुळणारा भाग गाळायचा नाही, असे ठरले आहे.